धाकटा आज किती हात?

अन्याय झाला तो बसगोंडा आण्णांवर. होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेआठ वाजता, कोल्हापुरात, आमच्याच गल्लीत, सगळ्यांच्या देखत. एवढं मला ठाम माहीत आहे. अन्याय केला कुणी, यावर मात्र माझं मत आजवर तीनदा बदललं. पत्रकं काढणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण इलाज नाही.

आधी आण्णा कोण ते सांगतो. रोज सकाळी साडेसहाला हे गृहस्थ परसातल्या आडात दगड बांधलेला दोर सोडतात, वर ओढतात, भिजलेला भाग कोपर ते बोट असा मोजतात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडतात, "धाकटा आज अकरा हात, दोन बोटं!" पेपर आणि दूध त्यानंतर येतं. नव्या भाडेकरूंना वाटतं, आण्णांना धाकटा भाऊ आहे आणि त्याला लांबण्या-आखडण्याचा काहीतरी आजार आहे.

तसा भाऊच म्हणा. आण्णा जन्मले त्याच्या पुढच्या वर्षी वडिलांनी हा आड खणला. "माझ्या पाठचा," आण्णा सांगतात. "मी रडून दूध मागायचो, ह्यो न रडता पाणी द्यायचा. आई म्हणायची, दोघांत ह्योच गुणाचा."

धाकट्याचा नियम एकच. "मोटर लावायची न्हाय. बादलीनं न्या, लागंल तेवढं न्या." नळ एक दिवसाआड, त्यामुळे अर्धी गल्ली रहाटावर असायची. शेजारी स्टुलावर आण्णा. "दमानं वढ रं, त्यो काय पळून चाललाय व्हय?" बादली भरली की चहा घ्यावाच लागे. नको म्हटलं तर, "का? आमच्यात इटाळ हाय का काय?" एका बादलीला अर्धा तास. माझी कॉलेजची पहिली तासिका धाकट्यानं बुडवली.

उन्हाळ्यात गाळ काढायला बहात्तराव्या वर्षीही आण्णा स्वतःच आत उतरायचे. आधी पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर आतली हवा वाईट, उतरायचं नाही. "आधी कंदील, मग मी. तो शाणा, मी येडा." एका वर्षी शेजारच्या नलूकाकूंचा पितळी तांब्या वर आला. अकरा वर्षांपूर्वी पडलेला. आण्णांनी घासून दारात नेऊन दिला. "घे तंगी. धाकटा कुणाचं ठेवून घेत न्हाय." तंगी म्हणजे धाकटी बहीण. आण्णांचं मूळ सीमेकडचं, लाडात आले की कानडीत शिरतात.

आणि याच नलूकाकूंच्या मुलानं बोअर मारायचं ठरवलं! आडापासून वीस पावलांवर! मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. "आण्णांच्या आडावर दरोडा! शेजाऱ्यानं आड आटवला! थेंब थेंब राखा, जागे व्हा!" आड अजून आटला नव्हता, पण आटणार हे उघड होतं, म्हणून भूतकाळ वापरला. गुलाबी कागदावर दोनशे प्रती काढल्या.

सोमवारी निम्म्या गल्लीत वाटून काकूंच्या दारात पोचलो. बोअरची गाडी उभी. आणि गाडीसमोर आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, हातात नारळ घेतलेले आण्णा बोअरवाल्याशी भांडत होते.

"पावणं, तितं न्हाय. हितं मारा. ह्या पेरूच्या बुडाला."

"आण्णा, तुम्ही काय करताय इथं?"

"जागा दावतोय की."

"पण धाकट्याचा झरा याच बाजूनं येतो! तुम्हीच सांगितलंय!"

"म्हणूनच हितं म्हणतोय. मी आत उतरून बघितलाय न्हवं झरा. ह्या पावण्याला काय ठावं?"

नारळ फुटला. खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर. बगलेत पत्रकं, तोंडात खोबरं, आणि घोषणा कुणाविरुद्ध द्यायची ते सुचेना.

मी आण्णांना बाजूला घेतलं. ते म्हणाले, "तंगीचा गुडघा बघितलास? दोन बादल्या वढल्या की दिवसभर भिताड धरून चालती. आनि तोंडानं सांगायची न्हाय."

"मग तिला एकटीला मोटर लावू द्यायची!"

"एकीला दिली की समदी मागतील. मग बादली घेऊन कोण येणार?"

"पण तुमचं पाणी जातंय, आण्णा!"

"धाकट्यानं धाकटीला दिलं. घरातल्या घरात. तुझा दरोडा कुठं आला त्यात?"

बोअरला पाणी लागलं. काकू रडल्या. दुसऱ्या दिवशी साडेसहाला आरोळी आली, "धाकटा आज पाच हात!" आवाज तेवढाच मोठा.

पण बादली घेऊन कुणी आलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. माझा संताप पुन्हा जागेवर आला. आता दोषी गल्ली! "कृतघ्नांनो" असं नव्या पत्रकाचं शीर्षक ठरवून मी घरोघरी जाब विचारायला गेलो. पहिल्याच घरातल्या वहिनींनी देवळीतून गुलाबी कागद काढून माझ्यापुढं धरला.

"तूच लिवलंस न्हवं, आड आटवला म्हणून? थेंब थेंब राखा म्हणून? मग म्हाताऱ्याचं उरलंसुरलं पाणी कुठल्या तोंडानं न्यायचं आम्ही?"

दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरी मी गेलोच नाही.

आण्णांकडे गेलो. ते एकटेच रहाट ओढत होते. पाणी केळीच्या बुडात ओतत होते. केळीला एवढं नको होतं, परसात चिखल झाला होता. पाण्याला किंचित वास होता.

"पाच हात म्हंजे लई झालं की रं. पुरून उरंल. पर उपसा न्हाय झाला की आड मरतोय. झऱ्याची तोंडं मिटत्यात." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझं पत्रक वाचलं. भाषा झ्याक हाय."

नलूकाकू तेवढ्या रोज येतात. घरात बोअर असून तोच पितळी तांब्या घेऊन, भिंत धरत. "देवाला बोअरचं चालत न्हाय," म्हणतात. आण्णा त्यांना पाणी काढून देतात. पण एका तांब्यानं आड जगत नाही. कठड्यावर दहा कप पालथे असतात. त्यातले दोनच सरळ होतात.

तेव्हा हे माझं तिसरं पत्रक; दुसरं शीर्षकापुढं गेलंच नाही. यात घोषणा नाही, सह्या नकोत, मोर्चा नको. आड आटलेला नाही. मी चुकलो. तुम्ही उद्या सकाळी रिकामी बादली घेऊन आमच्या गल्लीत या. भरून न्या, परवा पुन्हा या. घाई असेल तर अर्धा तास आधी निघा, कारण चहा घ्यावा लागेल. दोर दमानं ओढा. आणि आत येण्याआधी, आण्णांनी ओरडायची वाट न बघता, दारातूनच मोठ्यानं विचारा, धाकटा आज किती हात?