भिंतीतलं घुबड

सूनबाई संध्याकाळचा चहा घेऊन सासूच्या खोलीपाशी आली आणि दारातच थबकली. आतून सासूचं बोलणं ऐकू येत होतं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची कुजबुजही दोन घरं ओलांडून जाते, त्यामुळे कान लावायची गरजच नव्हती.

"दार उघडू नकोस, पोरी! त्याच्या बुटाला रक्त आहे."

सूनबाईनं दार लोटलं. खोलीत पलंग, कपाट, आरामखुर्ची आणि खुर्चीत सासू. दुसरं चिटपाखरू नव्हतं. खिडकी लावलेली, टीव्ही बाहेर हॉलमध्ये आणि तोही बंद. सासू समोरच्या कोऱ्या भिंतीकडे एकटक बघत होती.

"कोणाशी बोलताय, आई?"

सासू दचकली. मग तिची नजर कपावर गेली. "हा चहा कुणी केला?"

"मी. रोज मीच करते."

"मग ठेव तिथं," सासू म्हणाली. चहावर जाड साय धरली, तरी तिनं कपाला हात लावला नाही.

सासूचे कान जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तसली गत, कारण मुलाचा धंदाच कानांचा. अख्ख्या वस्तीला तो ऐकायची मशीनं बसवायचा आणि लोक त्याला कानवालाच म्हणायचे. आईचा नंबर लागायला मात्र मागचा महिना उजाडला. मशीन उत्तम होतं, पण तोवर घराला खुणांची सवय लागली होती. जेवायचं असेल तर हात तोंडाशी, औषधाला अंगठा, झोपायचं तर मान कलती. मशीन आलं तरी खुणा काही गेल्या नाहीत. सासूला आता नळाची टिपटिप ऐकू यायची, फ्रीजची घरघर ऐकू यायची. माणसं तेवढी, कामापुरतं सोडलं तर, अजून मुकीच होती.

आणि आता हे भिंतीशी बोलणं. रोज दिवेलागणीला सासू केस विंचरून, दार लोटून खुर्चीत बसायची. मध्येच लाजायची. मध्येच मांडीवर थाप मारून खवळायची. एकदा जेवताना सहज म्हणाली, "आज घुबड उशिरा आलं."

कानवाल्याचा घास हातातच राहिला. रात्री तो बायकोला म्हणाला, "असेल गं, झाडावर बसत असेल एखादं."

"तिच्या खिडकीबाहेर झाड कुठंय? आणि उद्या टिटवी काय करील याची काळजी लागलीय त्यांना. टिटवी विष घालणारे म्हणे, चहात. माझ्याकडे बघून म्हणाल्या!"

"तुझ्याकडे?"

"मग काय तुझ्याकडे? चहा तू करतोस?"

कानवाल्यानं मशीन काढून तपासलं. हॉलमध्ये आईला बसवून शिट्ट्या ऐकवल्या, बाराखडी वाचून दाखवली. सगळं ठणठणीत. मग दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिच्या खोलीत पलंगावर बसून राहिला. दिवेलागण झाली. खोली अगदी चिडीचूप होती. तरी आईची मान हळूहळू कलली, बोलणाऱ्याकडे कलावी तशी. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, मग ते मावळलं आणि डोळे भरून आले.

"अरे घुबडा," ती भिंतीला म्हणाली, "दहा भाषा येतात तुला. एकीतही 'दमलीस का?' म्हणता येईना?"

कानवाल्याच्या अंगावर सरसरून काटा आला. का कोण जाणे, पण ते वाक्य आपल्यालाच लागलं असं त्याला वाटलं. तो बाहेर आला आणि त्यानं मनाच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली.

"दाखल करून घेतील का रे?" सूनबाईनं विचारलं.

"म्हणाले, आवाज ऐकू येत असतील तर ठेवावं लागेल." मग तो स्वतःशीच म्हणाला, "मीच ऐकू येईल असं केलं तिला."

सूनबाई दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांची हाडं बघण्यात जायचा, त्यामुळे ती सहसा कशाला घाबरत नसे. गुरुवारी मात्र ती सारखी घड्याळाकडे बघत होती. यंत्रापाशी तिचे दोन सहकारी नेहमीसारखे भांडत होते. कुठल्याशा हेरांच्या मालिकेवरून अख्ख्या दवाखान्यात दोन तट पडले होते. ती मालिका बघायची नाही, त्यामुळे तिकडे तिचं कधी लक्षच नसायचं.

"पहिल्या पर्वात काय माणूस होता!" चष्मेवाला फिल्म उजेडात धरत म्हणाला. "सख्ख्या आईला खरं नाव सांगत नव्हता. आता त्या पोरीमागे रुमाल घेऊन फिरतोय. प्रेमानं वाटोळं केलं त्याचं."

"वाटोळं काय? माणसात आला तो!" रिसेप्शनवाली दारातून ओरडली. "आणि ती काय कमी आहे? बुटाला रक्त दिसतंय तरी दार उघडते. ते सगळं प्रेमाखातर ना!"

"श्वास रोखा," सूनबाई पेशंटला म्हणाली आणि तिचा स्वतःचाच श्वास अडकला. "काय म्हणालीस? बुटाला?"

"रक्त. घुबडाच्या, म्हणजे त्या हेराच्या बुटाला."

"तुम्ही काही म्हणा," पेशंटनं रोखलेला श्वास सोडला आणि ठणकावून सांगितलं, "ती टिटवी त्याला चहातून विष देणारच आहे!"

त्या पेशंटचा एक्स-रे हललेला आला. दुसरा काढायला चष्मेवाल्याला उभं करून सूनबाई तडक नवऱ्याच्या दुकानात गेली. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत कानवाल्यानं कपाळावर हात मारला. मागच्या महिन्यात एकाच टेबलावर त्यानं दोन मशीनं जुळवली होती, एक आईचं आणि एक शेजारच्या मास्तरांचं. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले, घरी एकटेच. त्यांचा टीव्ही मोठ्यानं लागतो म्हणून वरचे लोक कुरकुरायचे. तेव्हा टीव्हीचा आवाज बाहेर न येता थेट कानातल्या मशीनमध्ये जावा म्हणून कानवाल्यानं त्यांना एक डबी दिली होती. मास्तरांच्या टीव्हीची डबी त्यानं चुकून आईच्या मशीनला जोडली होती, आणि मास्तरांची बैठकीची खोली बरोबर आईच्या भिंतीपलीकडे होती.

"म्हणजे आईंचं डोकं ठिकाणावर आहे!" सूनबाई म्हणाली आणि तिला एकदम रडूच आलं.

दोघं धावतपळत मास्तरांकडे गेले. संध्याकाळ झाली होती. मास्तरांनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्चीत जाऊन बसले. खोलीत दिवा लावलेला नव्हता.

"मास्तर, तुमच्या टीव्हीची डबी..." कानवाल्यानं सुरुवात केली आणि तो गप्प झाला. टीव्हीच्या जागी टीव्ही नव्हता. टेबलावर नुसता धुळीचा चौकोन होता.

"आठवडा झाला दुरुस्तीला टाकून," मास्तर हळूच म्हणाले. "त्यातून आवाजच येईना."

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. आठवडाभर टीव्ही नाही. मग परवा आई कोणाचं ऐकून रडली?

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. सावकाश, स्पष्ट.

"टिटवी म्हणाली, मला ठाऊक आहे तू मला मारायला आलायस. पण आधी बस. जेवलास का?"

सूनबाईनं नवऱ्याचा दंड घट्ट धरला. मास्तर अंधारात पुढं वाकून ऐकत होते.

"आधी चित्र टीव्हीवर आणि आवाज भिंतीतून, असं होतं," ते म्हणाले. "आमची ही सिनेमा बघताना असंच मध्येमध्ये बोलायची. मला वाटलं, तीच आलीय. कुणाला सांगितलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणून गप्प राहिलो. मग टीव्ही गेला, पण गोष्ट थांबली नाही. थांबा हो, आता तो पिस्तूल खाली ठेवणारे."

आवाज ओळखून दोघं पाय न वाजवता घरी आले. सासू भिंतीसमोर बसलीच होती. कानवाला तिच्या पायाशी बसला आणि या महिन्यात पहिल्यांदाच, खूण न करता, तोंडानं बोलला.

"आई, खरं सांग. तुला कुणाचा आवाज येतो?"

"आता कुणाचा नाही. आठवडा झाला बंद पडलंय."

"आणि आधी?"

"आधी ती हेरांची मालिका यायची. पहिल्याच दिवशी कळलं मला. मध्येच साबणाची जाहिरात लागली. भुतं काय साबण विकतात?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू दुरुस्त केलं असतंस," सासू म्हणाली. "या घरात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच घुबड होतं."

सूनबाई दारातून पुढं आली.

"आणि बंद पडल्यावर?"

"गोष्ट अशी अर्ध्यावर सोडायची? नाहीतरी लिहिणाऱ्याला काही कळत नव्हतं. दोघांचा जीव एकमेकांवर, आणि बोलतात काय, तर नकाशे न् गुप्त दरवाजे! मीच वळण लावलं दोघांना. तो आता विचारपूस करायला लागलाय."

शुक्रवारची वेळ रद्द झाली. मास्तरांचा टीव्ही दुरुस्तीवाल्यानं 'काहीही बिघाड नाही' म्हणून परत पाठवला आणि कानवाल्यानं डबी त्यांच्याच कानाला जोडून दिली. मास्तरांनी मोठ्या हौसेनं खरा भाग बघितला आणि दुसऱ्याच दिवशी डबी परत आणून दिली.

"हे घुबड अगदीच ठोंब्या आहे," ते तोंड वाकडं करून म्हणाले. "पलीकडचं बरं होतं."

त्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा भिंतीवर पलीकडून टकटक झाली. आता कारण ठाऊक होतं, तरी सूनबाईच्या अंगावर शहारा आलाच. सासूनं केस सारखे केले. कानवाला दुकान लवकर बंद करून पलंगावर येऊन बसला होता. सूनबाईही बसली, कारण दवाखान्यातले दोन्ही तट सासूचा भाग ऐकायला सकाळी तिची वाट बघत असणार होते.

"आई, एवढंच सांगा," तिला राहवेना. "टिटवी आज विष घालते का?"

"ते चहा कुणी केला त्यावर आहे."

"म्हणजे तुम्हाला खरंच वाटत होतं की मी..."

"विष कसलं गं!" सासू म्हणाली. "डॉक्टरनं सांगितल्यापासून तू साखर घालत नाहीस. तसला चहा पिण्यापेक्षा विष बरं."

भिंतीवर पुन्हा टकटक झाली, या खेपेला जरा अधीर. सूनबाई मुकाट्यानं उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि घुबडाचा जीव वाचावा म्हणून तिनं कपात पुरता एक चमचा साखर घातली.