गुणवंतभाऊंच्या हाताचा फेस

गुणवंतभाऊ सकाळी पाणी उकळतात, गॅस बंद करतात आणि भांड्यासमोर उभे राहून एकोणतीसचा पाढा म्हणतात. मोठ्यानं. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद झालं की पाणी माच्याला योग्य. थंडीत पाढा एकदा, उन्हाळ्यात दोनदा. मध्येच कोणी हाक मारली तर पाणी फेकायचं आणि पुन्हा उकळी. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. त्यामुळे आख्ख्या घाटंजीत माझ्याइतका एकोणतीसचा पाढा ऐकलेला माणूस नसेल.

माचा म्हणजे जपानी हिरव्या चहाची पिठासारखी भुकटी. ती गाळत नाहीत, पाण्यात घुसळून सगळीच पितात. भाऊंची एकुलती मुलगी वैशू जपानात नोकरीला आहे, ती डबा पाठवते. वहिनी गेल्या तेव्हापासून भाऊ एकटे. पहिल्यांदा त्यांनी भिंतीवरून विचारलं, "वामन, माचा घेतं काय?" तेव्हा मला माचिस ऐकू आलं. मी म्हटलं, "बिडी सोडून दहा वर्षं झाली, बाप्पा."

भाऊ चाळीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर होते. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायची, हे त्यांचं काम. मशीन नंतर आली, पण शेतकरी अजूनही बाजारात जाण्याआधी पिशवीत मूठभर कापूस घालून भाऊंच्या ओट्यावर येत. भाऊ डोळे मिटून ओढत आणि म्हणत, "मालात दम हाय. पन ओलावा पाह्य."

हा 'ओलावा पाह्य' सगळीकडे. गव्हाला, पापडाला, वर्तमानपत्राला. माझ्या जावयाशी पहिल्यांदा हात मिळवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा चांगला हाय, हाताले ओलावा जास्त हाय. घाबरट असन." होताही.

तीच नजर माच्यावर. वैशूनं बांबूची एक घुसळणी पाठवली होती, एका टोकाला शंभर बारीक काड्या चिरलेली. भाऊंनी ती उजेडात धरून नापास केली. "याच्या काड्या सारख्या नाहीत." आठवडी बाजारात टोपल्या विकणाऱ्या बुरडाकडे नमुना घेऊन गेले. तो म्हणाला, "काय धुवाचं हाय भाऊ यानं? बाटल्या?"

"चहा घुसळाचा हाय."

"चहा? मंग ताक गाळून पेता काय?"

चौथी घुसळणी पसंत पडली. मग प्रयोग सुरू झाले. म्हशीच्या दुधात माचा, गुळाच्या पाण्यात माचा, संत्र्याच्या रसावर माचा, वर हिरवा आणि खाली पिवळा. चव मी घ्यायचो. कारण चाळीस वर्षं रुईची धूळ ओढून भाऊंचं नाक गेलं होतं आणि नाकाबरोबर जीभही. त्यांना कडू, गोड एवढंच कळे. ते माचा जोखत फेसावरून. मनगट ताठ, कोपर हलवायचं नाही, घुसळणी सरसर पुढेमागे, आणि वर साईसारखा दाट फेस. "पाह्यलं? हातात हाय हे, डब्यात नाही," म्हणत. दर रविवारी वैशूला फोनवर फेस दाखवायचा. तिकडे ती आपला दाखवी. बापाचा नेहमी वरचढ.

आता माझा गुन्हा सांगतो.

दिवाळीनंतर भाऊ मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठ दिवस नागपूरला गेले. घर बंद, म्हणून त्यांचा फ्रिजही बंद. माच्याचा डबा माझ्या फ्रिजमध्ये ठेवून गेले. माझी बायको कुसुम तेव्हा लेकीकडे होती. मी महिन्याला डोक्याला मेंदी लावतो, ती कुसुम भिजवते. आपल्याला काय जमत नाही, असं म्हणून मी फ्रिजमधून हिरवी भुकटी काढली, लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात कालवली, डोक्याला थापली आणि अंगणात दोन तास बसलो. शेजारची बकरी माझ्याभोवती घुटमळत होती, तेव्हाच शंका यायला हवी होती. डोकं धुतलं. केस पांढरे ते पांढरेच. कपाळ तेवढं हिरवट. मेंदीचा पुडा मला संध्याकाळी सापडला, दह्याच्या भांड्यामागे.

डबा तळापर्यंत खरवडलेला होता.

खरं बोलायचं सोडून मी काय केलं? कुसुम रक्त वाढावं म्हणून शेवग्याच्या पाल्याची भुकटी करून ठेवते. ती मी तिच्या जुन्या ओढणीतून वस्त्रगाळ केली आणि डब्यात होता तेवढा माल भरून ठेवला. कुसुम आली, तिनं बरणी पाहिली. "येवढी भुकटी कुठी गेली?"

"मी खाल्ली."

"तुम्ही? भाजीतली मेथी वेचून फेकनारे तुम्ही?" पण तिनं पुढं विचारलं नाही.

भाऊ नवा डोळा घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून पाढा ऐकू आला. गेलो. त्यांनी घुसळलं. पुन्हा घुसळलं. वर चार बुडबुडे, आणि खाली गाळ.

मला वाटलं, सुटलो, आता हा माणूस डबा पालथा करून शिव्या देईल. पण रंग मळका दिसला तर म्हणाले, "नव्या भिंगानं सारेच रंग येगळे दिसून राह्यले." चवीचा प्रश्न नव्हता. उरला फेस. तो हातात आहे, डब्यात नाही, हे त्यांनीच ठरवलेलं. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. उलटून पाहिलं. मी कप संपवला आणि म्हटलं, "मस्त झाला."

त्यांच्या वडिलांना लकवा झाला होता आणि त्याची सुरुवात उजव्या हातापासून झाली होती. हे मला माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसलो. आज सांगू, उद्या सांगू. भाऊ सकाळी रबराचा चेंडू दाबायला लागले. पाढा हळू झाला, रविवारी वैशूला फेस दाखवणं बंद झालं. मग एक दिवस पारवा गावचा एक शेतकरी पिशवी घेऊन आला. भाऊंनी कापसाला हातच लावला नाही. "घेऊन जा बाप्पा. माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला." बाजारात बातमी फिरली, गुणवंतभाऊचा हात गेला. मला कोणी विचारलं तर मी मान हलवत असे. ती मान कोणत्या दिशेनं हलत होती, ते मलाच माहीत नाही.

दोन महिने असे गेले. संक्रांतीला ते तिळगूळ द्यायला आले. माझ्या तळहातावर वडी ठेवताना त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताला आधार दिला होता.

मी तिथंच सगळं सांगितलं. मेंदी, बकरी, ओढणी, सगळं. आतून कुसुम म्हणाली, "अहो, काय केलं हे तुम्ही!"

भाऊंनी एकच विचारलं, "म्हंजे माहा हात चांगला हाय?"

"पहिल्यासारखा."

ते उठले. मला वाटलं, आता हा माणूस या घरी पाय ठेवणार नाही. पण दारातून ओरडले, "चाल ना बे, बसला काय?" त्यांच्या कपाटात वैशूचा नवा डबा होता, महिनाभर सील न तोडलेला. "चांगला माल मेल्या हातानं कायले नासवाचा," म्हणाले. पाणी उकळलं. पाढा म्हटला, एकोणतीस सक घाईत गाळला. मनगट ताठ, सरसर, सरसर. आणि फेस वर आला, दाट, कपाच्या काठापर्यंत.

त्यांनी तो कप हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. वार रविवार नव्हता, तरी फोन लावला. वैशू कामावर होती, घाबरलेली दिसली. "काय झालं बाबा?"

"काही नाही वो माय. माहे घुडघे बरे झाले. साफ बरे झाले. वामननं दवा देल्ली."

तिकडे ती म्हणाली, "खरंच? मग तिकीट काढू?"

"काढ."

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "घुडघे केव्हा दुखत होते तुमचे?"

"कधीच नाही." भाऊ माझ्याकडे पाहत नव्हते. "दोनदा जपानले बलावलं तिनं या दोन महिन्यांत. हातावरून वारं गेलेला बाप घेऊन थे पोरगी परमुलखात काय करनार होती? पन हाताचं सांगतलं असतं तं नोकरी सोडून पयत आली असती. म्हून घुडघे सांगतले."