ग्रेंजरला जिंकवायला निघालेली बस

क्रमवारी या विषयातलं आमच्या गावात माझ्याइतकं कुणाला कळत नाही, हे मी त्या रविवारी सकाळपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. मी लायल ओव्हरगार्ड. आयोवातल्या आमच्या छोट्या कॉलेजात गणित शिकवतो आणि मुलींच्या बास्केटबॉल संघाची आकडेवारी ठेवतो.

शनिवारी आमच्या गटाची अंतिम फेरी आम्ही एका गुणाने हरलो. शेवटचा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतरचा मोकळा नेम, जोएलच्या हातून हुकला. जोएल प्रुइट, आमची कप्तान, शेवटच्या वर्षाला. जिंकलो असतो तर राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा होती. आता सगळं निवड समितीच्या हातात. समिती रविवारी संध्याकाळी टीव्हीवर नावं जाहीर करणार, आणि आमचं कॉलेज त्या स्पर्धेत आजवर एकदाही गेलेलं नाही.

रविवारी पहाटेपासून नाश्त्यापर्यंत मी हिशेब केला. समिती नुसते विजय मोजत नाही, कुणाला हरवलं ते बघते. डिसेंबरात आम्ही ग्रेंजरला त्यांच्याच मैदानावर चौदा गुणांनी हरवलं होतं. त्याच ग्रेंजरची त्यांच्या गटाची अंतिम फेरी त्या दुपारी होती. ती जिंकली की त्यांचा क्रमांक वर चढणार, आणि त्यांच्यावरचा आमचा विजय एकदम वजनदार होणार.

"म्हणजे आपण ग्रेंजरला जिंकवायचं?" व्हर्ना स्टब्सने विचारलं. व्हर्ना चौकातलं न्याहारीचं दुकान चालवते आणि तिचा आवाज धान्याच्या कोठारापलीकडे ऐकू जातो.

"जिंकवायचंच," मी म्हणालो.

"त्या ग्रेंजरला? माझ्या बहिणीने तिथल्या माणसाशी लग्न केलं तेव्हापासून मी तिच्याशी धड बोलत नाही."

"एका दिवसाचा प्रश्न आहे, व्हर्ना."

दहा वाजता चाळीस माणसं बसमध्ये होती. जोएलही आली. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसली, बाहेरच्या बर्फाकडे बघत. कालपासून ती कुणाशी बोलली नव्हती.

ग्रेंजरला पोचल्यावर आम्ही दारातच त्यांच्या संघाच्या हिरव्या टोप्या विकत घेतल्या आणि मैदान डोक्यावर घेतलं. व्हर्ना तर अशी ओरडत होती, की तिथल्या एका आजोबांनी आपला ढोल तिच्या मांडीवर आणून ठेवला. "ताई, अशी ओरडणारी माणसं आम्हाला वर्षभर कुठे मिळतात," ते म्हणाले. मध्यंतराला ग्रेंजर सहा गुणांनी पुढे. मी खूश.

तेवढ्यात आमच्या कोच मार्व्हा टीडमन यांचा फोन आला.

"लायल, गाव रिकामं कसं? कुठे आहात सगळे?"

"ग्रेंजरमध्ये. त्यांना जिंकवतोय."

मग त्या लहान मुलाला समजवावं तसं बोलल्या. "ग्रेंजर हरलं तर काय होईल?"

"घरी बसेल. त्यांचा क्रमांक शंभराच्या आसपास आहे. समोरचा संघ मात्र हरला तरी स्पर्धेत जाणारच."

"आणि जिंकलं तर?"

"थेट स्पर्धेत."

"एकूण जागा तेवढ्याच आहेत. त्यांना एक मिळाली तर ती कुणाची जाईल? सगळ्यात शेवटी काठावर कोण उभं आहे?"

काठावर आम्हीच होतो.

चाळीस माणसांना ही बातमी हळू आवाजात सांगणं सोपं नसतं, त्यातून व्हर्नाला. "म्हणजे आता उलटं ओरडायचं?" तिने विचारलं, आणि ते पाच रांगांना ऐकू गेलं. दुसऱ्या अर्ध्यात आम्ही हिरव्या टोप्या घालून ग्रेंजरच्या प्रत्येक फ्री थ्रोला हुर्यो करत होतो. आजोबांनी ढोल परत नेला.

एक जोएल मात्र पहिल्या अर्ध्यासारख्याच ग्रेंजरसाठी टाळ्या वाजवत होती. शेवटच्या चार सेकंदांत ग्रेंजरच्या एका बुटक्या मुलीला दोन फ्री थ्रो मिळाले, एका गुणाने मागे असताना. दोन्ही आत गेले. ग्रेंजर जिंकलं.

"तू त्यांच्यासाठी टाळ्या का वाजवतेस?" मी जोएलला विचारलं.

"तिच्यासाठी वाजवतेय, सर," ती म्हणाली. "तिचे हात किती थरथरत होते, मला इथून दिसत होतं." कालपासूनचं तिचं ते पहिलं वाक्य. मी टोपी काढून खिशात घातली.

परतीच्या वाटेवर बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

संध्याकाळी सगळे कॉलेजच्या जेवणघरात टीव्हीसमोर. नावांमागून नावं गेली. कोच भिंतीला टेकून उभ्या. पडद्यावरच्या तक्त्यातल्या अगदी शेवटच्या खणात आमचं नाव आलं आणि खुर्च्या पडल्या, माणसं रडली, व्हर्नाने मला उचललं. जोएल तोंडावर हात घेऊन तशीच बसून राहिली, मग एकदम हसायला लागली.

गलका ओसरल्यावर समितीच्या अध्यक्षबाई टीव्हीवर सांगत होत्या, की काठावरच्या दोन संघांत फरक पडला तो ग्रेंजरवरच्या विजयामुळे. ग्रेंजर गटविजेता झाल्याने त्या विजयाचं मोल वाढलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं आधीच माहीत असल्यासारखा चेहरा केला.

"लायल," कोच म्हणाल्या, "तू दुपारी पहिल्या अर्ध्यात बरोबर होतास की दुसऱ्या?"

"दोन्हीत थोडा थोडा," मी म्हणालो.

व्हर्ना घसा बसल्यामुळे कुजबुजत होती, हे मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. "शुक्रवारी आपण टेक्सासात जाऊन खेळणार. तिथे कुणासाठी ओरडायचं?"

"आपल्यासाठी."

"नक्की ना?"

मी नक्की म्हणालो. आणि मग, कुणाचं लक्ष नाही असं बघून, कोचना एकदा विचारून आलो.