तिसऱ्यांदा विचारल्यावर

फिलाडेल्फियाच्या नोकरीला लोवेल स्टेनरुडने फोनवर 'नको' म्हटलं, ते ती नोकरी नको होती म्हणून नव्हे. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं असतं, म्हणून म्हटलं.

मिनेसोटातल्या आमच्या टॅमरॅक गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. कुणी कॉफी विचारली की पहिलं उत्तर 'नको, आत्ताच झाली'. दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला उगाच त्रास'. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा कप', आणि मग माणूस किटली संपवून उठतो. चर्चच्या तळघरात जेवण असलं की लिंबाच्या वड्यांच्या ट्रेमधली शेवटची वडी कुणी उचलत नाही. एक जण तिची अर्धी घेतो, दुसरा उरलेल्याची अर्धी, आणि शेवटी मुंगीनेही संकोच करावा एवढा तुकडा राहतो. तो भांडी घासताना वाहून जातो. अशा गावात पन्नाशी गाठलेल्या माणसाने पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणणं म्हणजे पाहुण्यांच्या आधी पानावर बसणं.

गावातला लोण्याचा कारखाना दिवाळं निघून बंद झाला तेव्हा लोवेलच्या हातचं काम गेलं. बॉयलर, पंप, शीतयंत्रं, जे काही कण्हत असेल ते पुन्हा बोलतं करायचं ही त्याची विद्या. हिवाळाभर घरी बसला. गावाने मात्र त्याला उपाशी ठेवलं नाही. दाराशी रोज कुणी ना कुणी बटाटे-खिम्याचं पातेलं ठेवून जायचं, लोवेल आभाराचं कार्ड पाठवायचा, मग त्या कार्डाबद्दल आभार मानायला ती माणसं दुसरं पातेलं घेऊन यायची. जॅनेल, म्हणजे त्याची बायको, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि घरी येऊन पुन्हा पातेलीच घासायची. हे असं उन्हाळ्यापर्यंत चालणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

आणि देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून विचारणा झाली. एक फिलाडेल्फियाचा आइस्क्रीमचा कारखाना. हजार मैल लांब, पण यंत्रं अशी की नुसती नावं वाचून लोवेलच्या बोटांना खाज सुटली. दुसरी डुलुथची. तिथल्या वेंडेल नेस यांची इस्पितळाच्या चादरी धुणारी मोठी लॉण्ड्री होती, बॉयलर एकच आणि जुना. पण डुलुथ दीडशे मैलांवर, तळ्याकाठचं, आपल्यासारख्याच माणसांचं, आणि जॅनेलची धाकटी बहीण तिथेच राहायची.

लोवेलने बायकोला विचारलं होतं. जेवताना एकदा आणि झोपायच्या आधी एकदा. दोन्ही वेळा ती म्हणाली, "तुला बरं वाटेल तिथं जाऊ." दुसऱ्यांदा म्हणताना तिने कोचावरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे लोवेलने धरलेला आणि पेंढा भरून घेतलेला हातभर लांबीचा पाइक मासा तोंड वासून लटकत होता. मासा, तळं, डुलुथ, बहीण. लोवेलने हिशेब जुळवला, आणि तिच्या मनात डुलुथ आहे असं ठरवून मोकळा झाला. तरी जीव फिलाडेल्फियात अडकलेला. म्हणून त्याने बेत केला की फिलाडेल्फियाला रीतसर दोनदा नको म्हणायचं. तेवढ्या वेळात घरातला विचार पक्का होईल.

फिलाडेल्फियाहून रोझली डिमार्को नावाच्या बाई फोनवर होत्या. कारखाना त्यांचाच. त्यांनी दोन वाक्यांत काम सांगितलं, एका वाक्यात पगार, आणि विचारलं, "येताय का?"

"नको हो," लोवेल प्रेमाने म्हणाला. "तुमच्याकडं माझ्यापेक्षा चांगली माणसं असतील. त्यांना कशाला मागं सारायचं?"

"बरं. स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

लोवेल फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. लाइन तुटली असेल असं त्याला वाटलं. मग बाई कामात असतील असं वाटलं. संध्याकाळी जॅनेल घरी आली तेव्हा तो बर्फ उपसताना हातमोजा काढून फोन हातात धरून होता, न जाणो मोज्यात वाजलेला कळला नाही तर.

"दुसऱ्यांदा विचारलंच नाही?" जॅनेलने विचारलं.

"विचारतील. पहिल्याच दिवशी दोनदा कोण विचारतं?"

रविवारी फोन खिशात घेऊन तो चर्चमध्ये बसला. प्रार्थनेच्या ऐन मध्यावर फोन वाजला. अख्ख्या गावाला ठाऊक होतं कुणाची वाट पाहणं चाललंय, त्यामुळे पाद्रीसुद्धा थांबले. दात साफ करून घ्यायची वेळ झाल्याचं दंतवैद्याकडून कळवलं होतं. नंतर तळघरात कॉफी पिताना शेजारच्या व्हर्नाबाईंनी निकाल दिला की फिलाडेल्फियाच्या त्या बाईवर लहानपणी संस्कारच झालेले नाहीत, आणि असल्या माणसांत गेला नाहीस तेच बरं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना बरंच वाटत होतं, कारण लोवेल गेला असता तर त्यांचे पंप आणि मिक्सर कुणी दुरुस्त करून दिले नसते.

घरी आल्यावर जॅनेल म्हणाली की मग तूच का नाही फोन करत. लोवेलने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने त्याला शेजाऱ्याच्या ताटातला घास उचलायला सांगितला होता. न विचारता आपणहून मागायचं? आपल्या आईवडिलांनी आपल्याला वाढवलं ते काय यासाठी? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही, पण लोवेलची भीड म्हणजे सख्खी, पाठची बहीण होती.

मात्र तोंड पोळलं होतं. आता ताक फुंकून पिण्याऐवजी त्याने ते एका घोटात संपवायचं ठरवलं. डुलुथच्या वेंडेल नेस यांचा फोन आला, तेव्हा त्यांनी आधी हवामान सांगितलं, मग तळ्यावरच्या बर्फाची जाडी सांगितली आणि शेवटी हळूच म्हणाले, "तर बॉयलरपाशी जागा आहे बघा एक. आता तुमच्यासारख्या माणसाला कशाला परवडेल म्हणा."

"परवडेल. येतो," लोवेल म्हणाला. "कधीपासून येऊ?"

पलीकडून आधी नुसती लॉण्ड्रीतली यंत्रंच ऐकू आली. "पुढल्या... पुढल्या महिन्यात?" वेंडेल नेस कसेबसे म्हणाले. लोवेलने आनंदाने फोन ठेवला.

आता वेंडेल नेस यांची गोष्ट अशी की तो माणूस सोन्यासारखा, पण लोवेलसारखाच. लोण्याच्या कारखान्याचा जुना मॅनेजर त्यांचा मेहुणा. त्याने शब्द टाकला म्हणून त्यांनी लोवेलला विचारलं, कारण पहिल्यांदा विचारायला काही पडत नाही. बॉयलरवरचा म्हातारा एमिल निवृत्त होणार होता आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आत तो नक्की काय ते सांगेल असा त्यांचा अंदाज होता. एमिलने दुसऱ्याच दिवशी सांगितलं की घरी बसून मी काय करू, अजून दोन वर्षं राहतो. आणि पहिल्या विचारण्यालाच हो म्हणणारा माणूस वेंडेल नेस यांनी साठ वर्षांच्या आयुष्यात पाहिला नव्हता. एमिलला जा म्हणवेना, लोवेलला येऊ नको म्हणवेना. बिचारे रोज फोन करू लागले.

पहिल्या फोनवर त्यांनी सांगितलं की डुलुथला वारा फार बोचरा. लोवेल म्हणाला, सवय आहे. दुसऱ्या फोनवर त्यांनी सांगितलं की चढ फार, गाड्या घसरतात. लोवेल म्हणाला, चाकांना साखळ्या लावू. तिसऱ्या फोनवर त्यांनी सांगितलं की बॉयलर जुना आहे खरा, पण एमिलचा हात त्याला फार मानवतो. तेव्हा कुठे टॅमरॅकमध्ये मुरलेल्या लोवेलच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुमची अडचण होत असेल तर राहू द्या," तो म्हणाला.

"छे छे, अडचण कसली."

"खरंच, संकोच करू नका."

"छे हो, काहीतरीच काय."

तिसऱ्यांदा लोवेलने विचारलं नाही. विचारलं असतं तर वेंडेल नेस खरं बोलले असते, आणि मग तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं. म्हणून त्याने विषय बदलला आणि फिलाडेल्फियाची सगळी हकिकत सांगितली, की आपण रीत म्हणून नको म्हणालो आणि बाईंनी ते खरंच धरलं. वेंडेल नेस लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच त्यांनी बाईंचं नाव पुन्हा विचारलं, आडनावासकट. मग बर्फाच्या जाडीबद्दल दोघं पुन्हा बोलले.

त्या रात्री लोवेलला जेवण गेलं नाही. एका म्हाताऱ्याच्या पोटावर पाय देऊन आपण डुलुथला चाललो आहोत, हे त्याला कळत होतं, आणि न जावं तर पुढचा हिवाळाही गावाच्या पातेल्यांवर काढायचा. गावाचे उपकार होतेच, नाही कोण म्हणतो. पण उपकार घेणाऱ्या हाताला काम हवं असतं. जॅनेलने त्याच्या पानातलं काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दोघं स्वयंपाकघरात असताना फोन वाजला. लोवेलने तो टेबलावर ठेवून दोघांना ऐकू येईल असा लावला, कारण त्याचे हात दुरुस्तीला आलेल्या व्हर्नाबाईंच्या मिक्सरमध्ये अडकले होते.

"डिमार्को बोलतेय. मला तुमच्याकडची पद्धत कळलीय, तेव्हा एकदमच उरकते. नोकरी हवी का? नोकरी हवी का? नोकरी हवी का? झालं. तीनदा विचारलं. आता बोला."

लोवेल गडबडला. तीन वेळा विचारलं होतं खरं, पण मध्ये 'नको' म्हणायला जागाच ठेवली नव्हती. रीत पूर्ण झाली की नाही तेच त्याला कळेना. पन्नास वर्षांची सवय जिभेवर आली आणि त्याने तोंड उघडलं, "नको हो, तुम्हाला उगाच..."

"हो," जॅनेल म्हणाली.

तिने पुढे होऊन फोन उचलला होता. "मी त्याची बायको. तो येतोय. आम्ही दोघं येतोय. कधी यायचं ते सांगा."

"सोमवारी दोन आठवड्यांनी," बाई म्हणाल्या. "तुमच्याशी बोलून बरं वाटलं. आणि त्या डुलुथच्या माणसाला माझे आभार सांगा. काल पाऊण तास फोनवर होता. आधी अर्धा तास नुसता बर्फ सांगितला मला. मग म्हणाला की यांच्या पहिल्या 'नको'वर जाऊ नका, असा कारागीर तुम्हाला मिळायचा नाही. मी म्हटलं, इतका चांगला आहे तर तुम्हीच का नाही ठेवून घेत? तर म्हणाला, तीच तर अडचण आहे."

जॅनेलने फोन ठेवला. लोवेल मिक्सरमधून हात काढायला विसरला होता.

"तुला फिलाडेल्फियाला जायचं होतं?" त्याने विचारलं.

"होतं."

"आणि बहीण?"

"दीडशे मैलांवर आहे म्हणून पटतंय आमचं. मला अशा गावात राहायचंय, जिथं मी दुकानातून काय आणलं ते व्हर्नाला माझ्या आधी कळणार नाही. एकदा तरी."

"अगं, मग मी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

जॅनेलने पदराला हात पुसावेत तसे एप्रनला हात पुसले. "तू दोनदाच विचारलंस, लोवेल."

लोवेल खुर्चीत बसला. सव्वीस वर्षांच्या संसारात आपण काय काय दोनदाच विचारलं असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढून जायला लागलं. स्वयंपाकघराचा पिवळा रंग. सुट्टीत दर वर्षी तेच तळं. आणि एवढं सगळं होऊनही ही बाई इथेच उभी आहे, एवढंच नाही तर वेळ आली तेव्हा माझ्या वतीने 'हो' म्हणाली. तो तिला म्हणालासुद्धा, की तुझे आभार कसे मानू कळत नाही. ती म्हणाली, त्यात काय एवढं.

"अजून काही हवंय तुला?" त्याने विचारलं.

"नको. सगळं आहे."

"खरंच काही नको?"

"कशाला उगाच."

या वेळी तो थांबला नाही. "जॅनेल, काय हवंय ते सांग."

"तो मासा," जॅनेल ताबडतोब म्हणाली. "फिलाडेल्फियाला येणार नाही. लग्नापासून मी जेवताना तो माझ्याकडं बघतोय."

लोवेलने माशाकडे पाहिलं. मासा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा होता. पण देण्याजोगी जी वस्तू घरात होती ती तीच, आणि ज्याने एमिलचं पोट राखलं आणि आपल्यालाही वाऱ्यावर सोडलं नाही, त्या माणसाला कार्ड पाठवून भागणार नव्हतं. पुढच्या शनिवारी त्याने मासा घोंगडीत गुंडाळला, गाडीला साखळ्या लावल्या आणि डुलुथ गाठलं. चढावर गाडी खरोखरच घसरली.

लॉण्ड्रीच्या दारात वेंडेल नेस यांनी घोंगडी उलगडून पाहिली. मागे त्यांची बायको उभी होती, तिनेही पाहिली. एमिल बॉयलर सोडून बघायला आला.

"अहो, नको," वेंडेल नेस म्हणाले. "एवढी मोलाची वस्तू."

लोवेलने पुन्हा आग्रह केला. मनापासून केला, कारण त्याला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटत होते.

"नको हो, खरंच नको," वेंडेल नेस म्हणाले, आणि बायकोकडे पाहून अजून एकदा, बऱ्याच मोठ्याने, "खरंच."

लोवेलने तिसऱ्यांदा विचारलं.