यंदा उष्णता येणार नाही

सेहेचाळिसाव्या वर्षी मी फिजिक्सच्या पहिल्या पेपरला तिसऱ्यांदा बसणार होतो. माझा सांगलीचा डिप्लोमा. इथे जर्मनीत, आखनच्या कंपनीत टीमलीडर व्हायचं तर डिग्री लागते, म्हणून संध्याकाळचं कॉलेज धरलं. नियम साधा आहे: तिसऱ्यांदा उडालात की कोर्स कायमचा बंद. म्हणजे टीमलीडरकीही गेली.

पोर्शन तीनच भागांचा. गुरुत्वाकर्षण, द्रव आणि उष्णता.

एके दिवशी वर्गातला हीटर गारठलेला. बसल्या बसल्या मला खाज सुटली. वर्गातल्या मराठी पोरांच्या ग्रुपवर टाकलं, ‘आतली बातमी. ऊर्जाबचत धोरणानुसार यंदाच्या पेपरातून उष्णता वगळण्यात आली आहे.’

वेदांगने लगेच विचारलं, “काका, नक्की?”

“गेनाऊ,” मी म्हणालो. ‘अगदी बरोबर’ हे जर्मनमध्ये सांगितलं की थापेलाही शिक्का बसतो.

दोन दिवसांत बातमीला हातपाय फुटले. धोरणाला परिच्छेद क्रमांक मिळाला. वर्गातल्या ईप्सिताच्या रूममेटने तो म्हणे स्वतः वाचला होता. पुण्यातल्या कुणाच्या तरी मामांनी ‘युरोपात हे होणारच होतं’ असं मत दिलं. मग पोरांनी थेट प्राध्यापकांना मेल टाकल्या. उत्तर आलं: परीक्षेच्या आशयाबद्दल माहिती देता येत नाही.

“बघा!” वेदांग म्हणाला. “नाही म्हणाले का? नाही म्हणाले नाहीत. म्हणजे हो!”

आता मात्र मी चपापलो. एवढे लोक म्हणतायत म्हणजे काहीतरी असणारच. जबाबदार माणसासारखी तीन ठिकाणी चौकशी केली. तिन्हीकडून खात्रीलायक दुजोरा आला. मी उष्णतेचं पुस्तक मिटलं.

“अहो, ही तुमचीच थाप ना?” माझ्या बायकोने, अरुंधतीने विचारलं.

“सुरुवातीला होती. आता व्हेरिफाय झालीये.”

“धन्य आहात! निदान धडा एकदा वाचून तरी जा.”

“आल्झो, म्हणजे असं बघ, जे येणारच नाही ते वाचायचं कशाला?”

परीक्षेच्या दिवशी प्राध्यापक प्रसन्न चेहऱ्याने उभे राहिले. म्हणाले, “या वर्षी उष्णतेबद्दल मला विक्रमी संख्येने मेल आल्या. इतकी जिज्ञासा मी आजवर पाहिली नव्हती. तिचा मान राखून संपूर्ण पेपर उष्णतेवरच काढला आहे.”

“काका!” मागून वेदांग दात खाऊन पुटपुटला.

पहिलाच प्रश्न: उष्णता एका वस्तूतून दुसरीत कशी जाते? मला एकच मार्ग ठाऊक होता, फॉरवर्ड. तो लिहिला. मार्क मिळाला नाही.

कोर्स बंद झाल्याचं पत्र घरी आलं तेव्हा अरुंधती पोट धरून हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार?

तुम्हीही हसा, खुशाल हसा. आज सकाळी फॅमिली ग्रुपवर कुठल्या झाडपाल्याने कुठला आजार पळतो ते आलं, तुम्ही वाचलंत, ‘खरंय’ म्हणालात आणि चौघांना पाठवलंत. तुमच्यामाझ्यात फरक एवढाच, की माझा पेपर कुणीतरी तपासला.