कडाक्याची थंडी दरबारी पोहोचली ती हकीकत

श्रीगजाननास नमून, शारदेस फूल वाहून, घडले तैसे लिहिले जाते. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरे, पौष मासी एका राज्याचे ठायी वर्तमान झाले ते ऐसे.

राज्यात ठाणोठाणी अखबारनवीस नेमिले होते. ठाण्याची बातमी लिहून हुजुरांस पाठवावी, हे त्यांचे काम. आणि रिवाज ऐसा की, हिवाळा लागला म्हणजे पहिल्या ओळीत 'थंडी कडाक्याची पडली' हेच लिहावे. समुद्रकाठी, जेथे पौषातही लोक उघड्या अंगाने फिरत, तेथूनही हेच येई. कारण आरंभ कोठून तरी करावा लागतो आणि थंडीचा जाब कोणी पुसत नाही. मग हुजूर दफ्तरी वाचणारांनी पहिली ओळ सोडून दुसरीपासून वाचावे, ऐसे पिढ्यान्‌पिढ्या चालले.

त्या साली घाटमाथ्याच्या ठाण्यात थंडी खरोखरच कडाक्याची पडली. तेथील अखबारनवीस विसाजीपंत. त्यांचे कुटुंब सगुणाबाई नुकत्या बाळंत होऊन कन्या झाली होती, आणि शेगडीचे जळण सरले, आणि रान सरकारी, हुकमावाचून फांदी तोडू नये ऐशी ताकीद. लेकीची बोटे निळी पडू लागली. मग पंतांनी अखबार लिहिला, थंडी लिहिली आणि त्याच पहिल्या ओळीत जळणाची विनंती केली. उत्तर आले, 'ठाण्याकडे विशेष नाही, कळले.'

बाई लेकीस पदराखाली उराशी धरून बसल्या होत्या, कित्येक रात्री डोळ्यास डोळा नव्हता. म्हणाल्या, "अहो, तुमची ती थंडी आता कोणी वाचत नाही. हिचे लंगोट वाळत घातले ते काठीसारखे ताठ झाले, हे लिहा."

"दरबारी कागदात लंगोट?"

"दरबारातले काय चिलखत घालून जन्मले?"

"हुजूर हसतील."

"हसू देत की. हसायला तरी वाचावे लागेल."

पंतांस वाद घालण्याचे बळ उरले नव्हते. दौत काखेत धरून शाई वितळविली आणि पहिल्याच ओळीत लंगोट लिहिले, त्यालगत जळण मागितले. हुजूर दफ्तरी वाचणारा दुसरीवर जाता जाता अडखळला, मागे फिरला आणि मोठ्याने वाचता झाला. कारभारी हसले, आणि मग कागद मागून घेऊन पुन्हा वाचते झाले, कारण त्यांचेही घरी पाळणा हलत होता. मग रान मोकळे करण्याचा हुकूम जासुदाबरोबर रवाना केला. पुढील साली समुद्रकाठाहूनही लंगोटच लिहून आले, तो मजकूर निराळा.

इकडे जळण आले, शेगडी पेटली आणि लेकीचे पाय ऊन झाले. पंत उपकाराचा कागद लिहावयास बसले, तो बाई म्हणाल्या, "ठेवा ती लेखणी. हुजूर थांबतील. हिला जरा धरा, मला डोळा लागू द्या." पंतांनी लेक मांडीवर घेतली, आणि बसल्या जागी तेच निजले, आणि बाईही निजल्या, लेक मात्र शेगडीकडे बघत टक्क जागी.

सारांश, त्या दिवशी ठाणे सुखरूप होते, आणि ते कोणी लिहिले नाही.