दुसऱ्या गिअरचा दोषी

मिस्त्रीच्या गॅरेजातल्या एकुलत्या एका लिफ्टवर ती गडद हिरवी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार पाचव्या आठवड्यातही लटकलेली होती. तिचा गिअरबॉक्स खाली बाकावर उघडा पडला होता आणि बाकाच्या दोन टोकांना दोन खोकी होती. दोन्हींत त्याच गिअरबॉक्सचे नवे भाग होते आणि एका खोक्यातला एकही भाग दुसऱ्यातल्याशी जुळत नव्हता. मिस्त्री स्टुलावर बसून आळीपाळीने दोन्हींकडे बघत होता. अशा वेळी माणसाला आपली पापं आठवतात. मिस्त्रीला एकच आठवत होतं, पण ते चांगलं मोठं होतं.

पाप तसं धंद्याच्या रीतीतलं. गाडी घेऊन येईल त्याला मिस्त्री चाळीस वर्षं एक वाक्य ऐकवत आला होता. "तुमचा हात चांगला आहे हो, ही दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेलेली दिसते." गिऱ्हाईक खूश व्हायचं. दोष कुठल्या तरी अज्ञात माणसाच्या माथी जायचा आणि अज्ञात माणूस कधी भांडायला येत नसे.

ही गाडी मात्र दोघा भावांची होती. वडील गेल्यावर बाकी सगळ्याची गोडीगुलाबीने वाटणी झाली, गाडी काही कापता येईना. म्हणून ठरलं, शनिवारी थोरल्याने चालवायची आणि रविवारी धाकट्याने. थोरला शाळेत गणिताचा मास्तर, धाकटा दातांचा डॉक्टर. दुसरा गिअर टाकताना गाडी करकर वाजायला लागली तेव्हा शनिवारी मास्तर ती दाखवायला आला. मिस्त्रीने सवयीने वाक्य म्हटलं. रविवारी डॉक्टर आला, त्यालाही तेच म्हटलं. दुसरं कुणी तरी म्हणजे कोण, हे शोधायला दोघांनाही फार लांब जावं लागलं नाही.

सोमवारपासून जो अबोला सुरू झाला तो चौदा महिने चालला. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून, पण गाडीची किल्ली मिस्त्रीकडे राहू लागली, म्हणजे एकमेकांचं दार वाजवायला नको. डॉक्टरची मुलगी काकाकडे गणित शिकायची, तिला शिकवणी लावली. मास्तरची दाढ ठणकायला लागली, तर सख्खा भाऊ शेजारी असताना तो शहराच्या दुसऱ्या टोकाला अनोळखी डॉक्टरकडे जाऊन ती काढून आला. सुजलेला गाल घेऊन तो किल्ली न्यायला आला तेव्हा मिस्त्रीला फार वाईट वाटलं. खरं सांगून टाकावं असं त्याने अनेकदा ठरवलं. पण दोघंही येऊन त्याचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, तुम्ही होतात म्हणून मला खरं कळलं." मग मिस्त्री नुसती किल्ली पुढे करायचा.

शेवटी दुसरा गिअर पडायचाच बंद झाला. गाडी लिफ्टवर चढली आणि नवे भाग कोणते घालायचे हा प्रश्न आला. मास्तरचं म्हणणं, जुने होते तसेच घालायचे. वडिलांच्या गाडीत बाहेरचं काही नको. एक उदाहरण सुटलं नाही म्हणून कुणी पुस्तक बदलत नाही. डॉक्टरचं म्हणणं, शर्यतीच्या गाड्यांचा अख्खा संच घालायचा, सोबत दणकट क्लच. किडलेला दात काढून तसलाच किडका दात कुणी बसवत नाही. दोघंही आपलं म्हणणं मिस्त्रीला सांगायचे आणि दुसऱ्याचं मिस्त्रीकडून ऐकायचे. तीन आठवडे निरोप पोचवून मिस्त्रीच्या जिभेला फोड यायची वेळ आली.

तेव्हा त्याने एक शेवटचं खोटं बोलायचं ठरवलं. आधीच्या खोट्याने भाऊ तुटले, तर या खोट्याने जुळतील, असा त्याचा साधा हिशेब होता. मास्तरला त्याने सांगितलं, "डॉक्टर काल म्हणाले, दादा म्हणेल तेच घाला." मास्तर बराच वेळ खिशातला खडू बोटांत फिरवत राहिला आणि मग निघून गेला. संध्याकाळी डॉक्टर आला. मिस्त्रीला वाटलं, एकाला सांगून भागणार नाही, समतोल हवा. म्हणून त्यालाही सांगितलं, "मास्तर म्हणाले, धाकटा म्हणेल तसं करा." डॉक्टरने डोळे पुसले आणि चष्म्याला दोष दिला.

हिशेब बरोबर होता, फक्त जास्तच बरोबर होता. दोघंही विरघळले. धाकटा आपल्यासाठी माघार घेतो म्हटल्यावर मास्तरने गुपचूप शर्यतीचा संच मागवला, आणि दादा एवढा नमला म्हटल्यावर डॉक्टरने जुन्या पद्धतीचे भाग मागवले. दोन खोकी एकाच दिवशी आली. तेव्हापासून दोघंही रोज फोनवर कुजबुजत विचारत होते, "माझेच बसवा हं. बघून त्याचा चेहरा कसा झाला ते सांगा." मिस्त्रीने दोन दिवस ताप काढला, म्हणजे ताप आल्याचं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर शाळेतून परस्पर आला, आणि तो खोक्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच डॉक्टरही दवाखान्याचा पांढरा कोट अंगावर तसाच ठेवून आला. भावाचा आनंद लपून बघावा, असा दोघांचाही बेत असावा. दोघं बाकाच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि दोघांनीही मिस्त्रीकडे बघितलं.

"मिस्त्री, हे जुने भाग कुणी मागवले?" मास्तरने विचारलं.

"आणि हा संच?" डॉक्टरने विचारलं.

मिस्त्री स्टुलावरून उठला. पळायला जागा होती, पण गॅरेज त्याचंच होतं. त्याने हात पुसले आणि चौदा महिन्यांपूर्वीच्या शनिवारपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. मास्तरची दाढसुद्धा गाळली नाही. स्वतःच्या बाजूचं बोलण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच.

"मग गिअर घालवला कुणी?" दोघांनी एकदमच विचारलं.

"कुणीच नाही." मिस्त्रीने गिअरबॉक्समधली पितळेची कडी काढून बाकावर ठेवली. "गिअर अलगद पडावा म्हणून ही असते. तीस वर्षांत झिजते. निम्मी तर तुमच्या वडिलांच्या हातातच झिजली असेल."

मास्तरने कडी उचलली, अंगठ्याने तिचे बोथट झालेले दाते चाचपले आणि पहिल्यांदाच समोर बघून ती भावापुढे धरली. डॉक्टरने कडीकडे बघितलंसुद्धा नाही.

"दादा, दाढ कुणाकडे काढलीस?"

"पुलापलीकडे आहे एक."

"तिथे? आ कर बघू."

मास्तरने आ केला. डॉक्टरने मिस्त्रीचा टॉर्च उचलून गाडीखाली उभ्या उभ्याच भावाचं तोंड तपासलं. तपासून झालं, तरी तो टॉर्च खाली करेना. मास्तरच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तोंड उघडं असल्यामुळे त्याला कशालाही दोष देता आला नाही.

मिस्त्रीने हळूच विचारलं, "मग कोणते बसवू?"

डॉक्टरने टॉर्च बंद केला. "दादा, मिस्त्रींना सांग, आम्ही ठरवून कळवू."

"तूच सांग," मास्तर म्हणाला. "मी त्यांच्याशी बोलत नाही."

"मी तरी कुठे बोलतोय?"

हे सगळं मिस्त्रीपासून तीन पावलांवर चाललं होतं. मग दोघं, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात, गल्लीच्या वळणापर्यंत शर्यतीचा संच चांगला की जुने भाग, यावर कडाकडा भांडत गेले. आता मास्तर संचाच्या बाजूने होता आणि डॉक्टर जुन्या भागांच्या. निरोप सांगायला कुणीच न उरल्यामुळे मिस्त्री दारात उभा राहून ऐकत होता, आणि आवाज ऐकू येईनासे झाले तरी तो आत गेला नाही.